उधाणाला चढवलेली तोरोआ

आमची बोट पाण्यात असली की खाते आणि पाण्याबाहेर काढली की दुप्पट खाते. हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. ती ते दर वर्षी मार्चमध्ये, पावाला लोणी लावता लावता, सुरी जरा जास्त दाबून म्हणते. बोटीचं नाव तोरोआ. तोरोआ हा लांब पंखांचा समुद्रपक्षी. तो म्हणे वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही. आमच्या तोरोआने यंदा पाय लावला आणि तिथेच संसार थाटला.

ज्यांच्या दारात शिडाची बोट नाही अशा सुखी माणसांना वाटतं की वारा फुकट, म्हणजे प्रवास फुकट. वारा फुकटच असतो. पण तो पकडायला शीड लागतं, शीड उसवतं, ते शिवणारा माणूस सोन्याच्या दोऱ्याने शिवतो. दोर झिजतात. विमा लागतो. खाडीत बांधून ठेवायची जागा भाड्याची. एक इंजिन असतं, ते अडचणीच्या वेळी बंद पडण्यासाठी असतं. आणि मग बोटीचा तळ. त्याला वर्षभरात एवढं शेवाळ आणि एवढी कवचं चिकटतात की बोट चालते आहे की समुद्र ओढते आहे ते कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा तळ खरवडून त्याला खास रंग लावायचा. हल्ली मी सोळा वर्षांची असल्यामुळे माझी मतं तयार असतात. त्यातलं एक असं, की बोट विकत घेणं ही नुसती घटना आहे, बोट बाळगणं हा स्वभाव आहे.

तो स्वभाव बाबांचा. बाबा माझ्याच शाळेत भूगोल शिकवतात. हे पुढे महत्त्वाचं आहे.

गेल्या वर्षी तळ रंगवायला बोट यार्डात नेली होती. तिथे क्रेनने उचलतात, मग बोट उभी राहते त्या जागेचं भाडं लावतात, मग उतरवायचे वेगळे पैसे. बिल आलं तेव्हा आई काहीच बोलली नाही. यंदा मार्च उजाडला तेव्हा मात्र बोलली.

"लॉइड, यंदाचा खर्च गेल्या वर्षीच्या निम्म्यात बसव. बसला तर बोट राहील. नाही बसला, तर ऑकलंडच्या त्या दातांच्या डॉक्टरांना फोन करायचा. तीन वर्षं ही बोट विकत मागतायत ते."

"निम्म्यात?" बाबा हसले. "नायरी, मी पाव खर्चात करून दाखवतो."

मी टोस्ट खाली ठेवला. कारण हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत सुकाणू माझ्या हातात देणार, असं बाबांनी वचन दिलं होतं. मी उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जानेवारीत, नौका क्लबची परीक्षा पास झाले होते, आणि खाडीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं. बोट गेली असती तर माझं सुकाणूही त्या डॉक्टरांकडे गेलं असतं.

बाबांची युक्ती म्हणजे खांब. क्लबच्या धक्क्याशेजारी किनाऱ्यात लाकडी खांब रोवलेले आहेत. भरतीला बोट त्यांच्यापाशी न्यायची, खांबांना घट्ट बांधायची. ओहोटीला पाणी निघून जातं आणि बोट आपल्या कण्यावर कोरडी उभी राहते. तेवढ्या वेळात खरवडायचं, रंगवायचं, आणि पुढची भरती आली की निघायचं. क्रेनचं काम चंद्र करतो आणि बिल पाठवत नाही.

खांबांची नोंदणी ग्वेंडाबाईंकडे असते. त्या क्लबच्या चिटणीस. स्वयंपाकघराच्या ज्या खिडकीतून त्या चहाबरोबर खायचे स्कोन, म्हणजे गोडसर पाव, देतात, त्याच खिडकीतून खांबही देतात.

"खालचे खांब की वरचे?" त्यांनी विचारलं.

"वरचे. खाली चिखल आहे. गेल्या खेपेला माझा गमबूट गेला त्यात, अजून तिथेच आहे."

"वरचे कुणी घेत नाही, लॉइड."

"म्हणूनच रिकामे आहेत," बाबा म्हणाले. हा युक्तिवाद मला तेव्हा अतिशय भक्कम वाटला. शाळेच्या वादविवाद संघात मी असाच युक्तिवाद करून दोनदा जिंकले होते.

"वर पाणी कमी पोचतं," ग्वेंडाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर अमावास्येच्या उधाणाला नेणार. वर्षातली सगळ्यात मोठी भरती! पाणी पायघड्या घालणार."

शेजारी मर्वकाका चहा पीत बसले होते. खाडीतली निम्मी माणसं त्यांच्या सल्ल्याने चालतात आणि उरलेली निम्मी त्या चाललेल्यांना ओढून काढतात. त्यांनी मान डोलावली. "पाणी जेवढं जास्त तेवढं बरं. कधी कुणाचं पाण्याने नुकसान झालंय?"

हा प्रश्न समुद्राकाठी बसून विचारायचा नव्हता, पण कुणाला खटकलं नाही.

अमावास्येच्या सकाळी आम्ही तोरोआला वरच्या खांबांपाशी नेलं. पाणी गवताला लागलं होतं. मी पुढे दोर घेऊन उभी, बाबा सुकाणूवर, मर्वकाका धक्क्यावरून "डावीकडे, डावीकडे, माझ्या डावीकडे!" असं ओरडत. पाणी उतरलं आणि तोरोआ पांढऱ्या शिंपल्यांच्या उंचवट्यावर राणीसारखी उभी राहिली. खाली चिखलात दुसऱ्या एका बोटीचा मालक गुडघाभर रुतून शिव्या देत होता. बाबा पायात स्वच्छ सपाता घालून तळ खरवडत होते आणि मधूनमधून त्याच्याकडे दयेने बघत होते. नियमाप्रमाणे खरवड ताडपत्रीवर गोळा केली. रंगाचे दोन हात दिले. सॉसेज भाजले. पाव खर्चाच्याही आत काम झालं होतं. दुपारी बाबा शीळ घालत होते.

संध्याकाळी पाणी आलं. कण्याला लागलं, रंगवलेल्या भागावर चढलं, आणि बोट तरंगण्यासाठी खांबावर केलेल्या खुणेच्या वीतभर खाली थांबलं. थोडा विचार केल्यासारखं करून परत गेलं.

"संध्याकाळची भरती जरा लहान असते," बाबा म्हणाले. "सकाळी उठेल."

सकाळी पाणी त्याहूनही खाली थांबलं.

आम्ही तिघं काठावर उभे होतो. मग मर्वकाकांनी टोपी मागे सरकवली.

"लॉइड, कालची ती वर्षातली सगळ्यात मोठी भरती होती ना रे?"

"हो."

"मग आजची तिच्यापेक्षा लहानच असणार."

बाबा खांबावरची खूण बघत होते.

"आणि उद्याची आजच्याहून."

बाबांनी डोळे मिटले. ज्या माणसाने त्याच आठवड्यात आमच्या वर्गात फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढून उधाण आणि भांग समजावून सांगितलं होतं, भांगाला पाणी कसं कमी कमी चढतं हे हातवाऱ्यांनी करून दाखवलं होतं, त्याच माणसाने स्वतःची बोट उधाणाच्या शिखरावर नेऊन ठेवली होती. आता पौर्णिमेच्या उधाणापर्यंत तिथे बोट तरंगण्याइतकं पाणी फिरकणार नव्हतं. आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा ठाऊक असतं की बोट चढवायची ती भरती वाढत असताना, शिखराच्या एक-दोन दिवस आधी. पण चिखल चुकवायच्या नादात शहाणा माणूस समुद्र विसरतो.

मला सगळ्यात आधी काय सुचलं, ते सांगते, कारण खोटं बोलण्यात अर्थ नाही. शर्यत पुढच्याच शनिवारी होती.

शाळेची बस रोज सकाळी खाडीकाठाने जाते. त्या दिवशी ती जरा हळू गेली. सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली होती. पहिल्या तासाला मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "सर, भांग म्हणजे काय ते परत एकदा सांगाल? उदाहरण देऊन." बाबांनी ते शांतपणे, उदाहरण न देता, परत सांगितलं. मी वहीत तोंड घातलं होतं. वडील आपल्याच शाळेत शिक्षक असले की मुलीला अब्रू अशी स्वतंत्र नसतेच, ती संयुक्त खात्यात असते.

मग सल्ले सुरू झाले. मर्वकाका रिकामी पिंपं घेऊन आले: ती बोटीला बांधू, पिंपं तरंगतील, बोट उचलेल. पिंपं तरंगली. दोर तुटले. पिंपं खाडीच्या तोंडाकडे निघाली आणि मर्वकाका स्वतःच्या बोटीने त्यांच्या मागे. कुणी म्हणालं चर खणा. चर खणला. ओहोटीला तो भरून गेला आणि ताज्या रंगावर गाळाचा पट्टा उठला. तिथे पुन्हा रंग द्यावा लागला. पाव खर्च अर्ध्याकडे सरकू लागला. पारेमावशी रोज ओहोटीला शिंपल्या वेचायला किनाऱ्यावर येतात. त्यांनी बादली तोरोआच्या सावलीत ठेवली आणि टेकून बसल्या.

"मावशी, तुमचं काय मत?" मी विचारलं.

"सावली छान आहे," त्या म्हणाल्या. "इथे अशी सावली आधी नव्हती."

तिसऱ्या प्रकारचा सल्ला सरकारी असतो. किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या खात्याचा एक तरुण अधिकारी आला. चेहऱ्याने भला होता, हीच अडचण. त्याने बोटीभोवती फेरी मारली.

"सर, खांबांवर दोन भरत्यांपर्यंत राहता येतं."

"मग भरती पाठवा," बाबा म्हणाले.

"त्यानंतर नियमाप्रमाणे ही बोट राहत नाही. ही किनाऱ्यावरची रचना होते. रचनेला परवानगी लागते."

"ती बोट आहे. तिला डोलकाठी आहे!"

"काठी तर झेंडा लावलेल्या कचेरीलाही असते, सर." तो ओशाळला. "आणि कुणी आत झोपत असेल तर ते निवासस्थान धरावं लागेल."

बाबा आत झोपत होते. कप्तान बोट सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी आईच्या समोरच्या खुर्चीत बसण्यापेक्षा ते सोपं होतं, असं माझं मत.

"परवानगीला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

त्याने हिशेब केला. परवानगी यायच्या आत पौर्णिमा दोनदा येऊन गेली असती. त्याने अर्ज दिला, बाबांनी तो दुमडून खिशात टाकला, आणि दोघांनी एकमेकांना सहानुभूतीने हात हलवून निरोप दिला.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई त्या बोटीवर कधीच गेली नव्हती. म्हणजे लग्नानंतर एकदा गेली होती. धक्का दिसेनासा व्हायच्या आत ती बोटीच्या काठावरून वाकली आणि धक्का परत दिसेपर्यंत वाकलेलीच राहिली. तेव्हापासून बोट ही तिच्यासाठी घरातून पैसे आणि रविवार नेणारी वस्तू होती. बोट अडकली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ती दवाखान्यातून थेट किनाऱ्यावर आली. दवाखान्यात ती खिडकीत बसते, नावं लिहून घेते, फोन घेते, आणि दिवसभर दुखणाऱ्या माणसांचा आवाज ऐकते. हातात मटण भरलेली पेस्ट्री होती. बाबांसाठी. शिडी चढून ती आत आली, बाकावर बसली, आणि तिने दोन्ही तळवे बाकावर टेकवले, जणू आता मळमळ येणार आहे.

काही आलं नाही.

"ही हलत नाहीये," आई म्हणाली.

"नाही," बाबा अपराध्यासारखे म्हणाले.

"अजिबात नाही?"

"पौर्णिमेपर्यंत नाही."

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली. तिसऱ्या दिवशी चहाची किटली, आणि मला म्हणाली, "तू आलीस तर चालेल, पण बडबड नको." मला बडबड न करता बसायची सवय नाही. पण बसले. गोल खिडकीतून ओहोटीचा किनारा दिसायचा, त्यावर पांढरे बगळे, आणि दूर पारेमावशींची पाठ. घरात आई असते तेव्हा ती नेहमी काहीतरी पुसत असते किंवा शोधत असते. इथे पुसायला काही नव्हतं आणि जे शोधायचं ते हाताच्या अंतरावर. तिने बूट काढले. मी तिला बूट काढून, पाय वर घेऊन बसलेली आधी कधी पाहिली होती ते आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवेना.

"तुझा बाबा एवढी वर्षं इथे एकटा येऊन बसायचा," ती एकदम म्हणाली. "मला वाटायचं बोट चालवायला जातो."

"चालवतातच की!"

"चालवतो गं. पण थोडं बसायलाही जातो." तिने पान उलटलं. "मला कुणी सांगितलं नाही की यात बसताही येतं."

मी बडबड केली नाही. वादविवाद संघात अशा विधानांना उत्तर द्यायला शिकवत नाहीत.

मग शर्यतीचा शनिवार. शुक्रवारी ग्वेंडाबाई येऊन शिडीखाली उभ्या राहिल्या.

"लॉइड, एक विनंती होती. शर्यतीची वेळ बघणाऱ्यांना बसायला स्थिर जागा लागते. दर वर्षी त्यांची बोट डुलते आणि भांडणं होतात. एवढी न हलणारी बोट आम्हाला पहिल्यांदाच मिळतेय."

बाबांनी होकार दिला. खाडीत राहायचं तर नाही म्हणता येत नाही. तेव्हा हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत मी तोरोआवर होते हे खरं आहे. फक्त मी भोंगा वाजवला आणि सगळ्या बोटी आमच्यासमोरून निघून गेल्या. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या काकांच्या बोटीचं सुकाणू धरून गेली. तिने हात हलवला. मी भोंग्याने उत्तर दिलं, त्यामुळे दोन बोटींना वाटलं शर्यत रद्द झाली, आणि त्या परत फिरल्या. भांडणं झालीच.

त्या संध्याकाळी बाबांनी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. आईने सांगितलं नव्हतं. खर्च अजून निम्म्याच्या आत होता, जेमतेम. पण बाबांच्या आत काहीतरी मोडलं होतं.

"पुरे झालं," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं मी हिला पोसली. शेवटी हिची स्टॉपवॉच ठेवायची टपरी झाली. घेऊन जाऊ देत त्यांना."

मी आईकडे पाहिलं. ती जिंकली होती. तिने बशा गोळा केल्या. "तुझी बोट आहे, लॉइड," एवढंच म्हणाली.

मी खोलीत जाऊन रडले. मग आरशात बघून, शाळेत शिकवतात तशी पाठ सरळ करून, बाबांना पटवायला भाषण तयार केलं. मुद्देसूद होतं. बाबा ऐकून म्हणाले, "छान बोलतेस, ब्रायर," आणि दिवा मालवला.

डॉक्टर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी येणार होते. बोट तरंगलेली, चाललेली बघायची आणि तिथेच व्यवहार. नाही जमलं तर दुपारी ऑकलंडला दुसरी बोट बघायची ठरलेली. अडचण अशी, की मर्वकाकांच्या मते या पौर्णिमेची भरती अमावास्येच्या भरतीहून जरा लहान होती. "थोडं कमी पडेल," ते म्हणाले. "बोट हलकी करा." म्हणून आम्ही शुक्रवारी सगळं उतरवलं: नांगर, त्याची साखळी, गाद्या, भांडी, फळ्या. पाण्याची टाकी रिकामी केली. किनाऱ्यावर आमचा संसार मांडला होता आणि येणारेजाणारे "लिलाव आहे का?" असं विचारत होते. संध्याकाळी बाबा आणि मी थकून घरी गेलो. आई म्हणाली, ती थोडी मागे थांबून किनाऱ्यावरचा पसारा हलवते. गिऱ्हाइकासमोर बोट नीटनेटकी दिसायला हवी.

सकाळी पाणी सुरेख चढलं. डॉक्टर आले. उंच, शांत, हातात छोटा हातोडा. त्यांनी आमच्या बोटीचा तळ टकटक वाजवत तपासला, आणि प्रत्येक ठोक्याला बाबांचा जबडा आवळत गेला.

"तळ निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले.

बस नव्हती, तरी वर्गातली पोरं आली होती. पारेमावशी बादली उपडी करून बसल्या होत्या. आई आधीच बोटीत होती, आतल्या बाकावर, चहा घेऊन. पाणी खुणेपाशी आलं. तोरोआ अंग झटकल्यासारखी हलली. मर्वकाका आणि मी ढकलू लागलो. बाबा दोर ओढत होते. ती एकदा किंचित उचलली, मग परत टेकली. परत उचलली, परत टेकली. खाली शिंपले करकरले.

"नायरी, उतर बाई!" मर्वकाका ओरडले. "तेवढंच वजन कमी!"

"माझा चहा संपायचाय," आतून आवाज आला.

"आई!"

"गरम आहे."

पाणी थांबलं. पाण्याचं थांबणं डोळ्यांना दिसत नाही, फक्त काठावरचा फेस हलायचा बंद होतो. मग तो मागे सरकला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, हळहळले, बाबांशी हात मिळवला आणि दुसऱ्या बोटीकडे निघून गेले.

बाबा धक्क्यावर जाऊन बसले. मी ओल्या पायांनी आत चढले, आईला चार शब्द सुनवायचे म्हणून. पुढचा कप्पा उघडा होता. त्यात नांगर होता. त्याची साखळी होती, सगळी, नीट वेटोळं घालून. गाद्या जागेवर. भांडी जागेवर. मी नळ उघडला. टाकी काठोकाठ.

आई एकटीने, अंधार पडायच्या आत, ती साखळी उचलून शिडीवरून आणली होती. तिच्या तळहातांवर लाल वळ होते. तिने कप त्यांच्यावर असा धरला होता की ते दिसू नयेत.

मागून बाबा शिडीवर आले. त्यांनी कप्पा पाहिला. मग नळाकडे.

"टाकी कुणी भरली?"

"चहाला पाणी नको?" आई म्हणाली.

बाबांनी कप्प्याचं झाकण लावलं. मग तिच्या शेजारी बसले. तिने स्वतःच्या कपातला उरलेला चहा त्यांना दिला. मी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता तिथून निघून गेले.

रविवारची, पौर्णिमेची भरती शनिवारपेक्षा चढी होती. आम्ही साखळी परत उतरवली, टाकी रिकामी केली. पाणी खुणेच्या वर आलं आणि तोरोआ काही आढेवेढे न घेता तरंगली. आई शिडीवरून उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात, रविवारच्या कपड्यांत, शेवटचा दोर सोडायला उभी राहिली. बाबा सवयीने सुकाणूकडे वळले.

"लॉइड, तू पुढे जा," आई म्हणाली. "ते तिच्याकडे दे."

बाबा पुढे गेले. मी सुकाणू धरलं. बाबांनी शीड वर ओढलं, ते फडफडलं आणि भरलं. किनाऱ्यावरून मर्वकाका "डावीकडे!" ओरडत होते. मी उजवीकडे घेतलं. उजवीकडेच घ्यायला हवं होतं.

शेवटची बिलं आल्यावर खर्च निम्म्याच्या वर गेला. ती दोर, पिंपं आणि जादा रंगाची कृपा. आईने तो विषय काढलेला नाही. मात्र भरतीओहोटीचं पुढच्या वर्षाचं कोष्टक आल्या आल्या तिने ते चहाच्या डब्याजवळ लावलं आणि मार्चमधल्या एका तारखेभोवती गोल काढला. बाबांनी जवळ जाऊन पाहिलं. वर्षातली सगळ्यात मोठी भरती.

"ही चुकीची तारीख आहे, नायरी," बाबा म्हणाले. "या दिवशी चढवली तर पंधरा दिवस अडकेल."

"वरच्याच खांबांवर सांग ग्वेंडाला," आई म्हणाली.